वंदनाताईंच्या गाडीचा टर्बो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गॅरेजमध्ये माझ्यासोबत राबणाऱ्यांनाही नाही. आज सांगते — पण मान खाली घालून नाही सांगणार. मी चांगली मेकॅनिक आहे. ते आधी ऐकून घ्या.

मी गॅरेज टाकलं तेव्हा बाई गाडी खोलते हे बघायला लोक दाराशी थांबायचे. एखादा नट सैल राहिला असता, तर ‘मेकॅनिक चुकली’ असं म्हणाले असते का? ‘बाई चुकली’ म्हणाले असते. खोटं आहे का हे?

वंदनाताई धरमपेठेत राहायच्या आणि पारशिवनीच्या शाळेत शिकवायच्या. रोज स्वतः गाडी चालवत जायच्या. नवऱ्याला ते खपत नव्हतं. तरी जायच्या — काच खाली करून, मोठ्यानं गाणी लावून. त्यांच्या डिझेल गाडीला मी नवा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. भयंकर वेगानं फिरतो, म्हणून त्याला तेलाची नळी लागते आणि थंड ठेवायला कूलंटची. कूलंटच्या नळ्या मी नीट जोडल्या. तेलाच्या नळीच्या सांध्यात मात्र तांब्याचं नवं वायसर, म्हणजे गळती रोखणारी चकती, हवं होतं, आणि ते हाताशी नव्हतं. बाजारात जाऊन आणता आलं असतं. मी जुनंच टाकलं, गळू नये म्हणून वरून सिलिकॉनची पेस्ट फासली. तिथे पेस्ट लावायची नसते — आत सुटली की तेल अडतं, आणि तेलाविना टर्बो जळतो. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

काही दिवसांतच शाळेच्या वाटेवर, कामठीच्या पुढे गाडीनं धूर ओकला. ओढून आणली. नळी मी एकटीनंच खोलली. तोंडाशी सिलिकॉनचा गोळा अडकलेला. तो नखानं काढला, चिंधीत पुसला आणि बाहेर आले. वंदनाताई उभ्या होत्या, पण मी बोलले त्यांच्या नवऱ्याशी — “गरम इंजिन लगेच बंद केलं की टर्बो जातो.”

“अवं, मी तं थांबल्यावर थोडा वेळ चालूच ठेवतो,” वंदनाताई मला म्हणाल्या. “तूच तं सांगितलं होतं ना मले!”

“काहून खोटं बोलून राहिली?” नवरा म्हणाला. “आता तं बाईच सांगून राहिली तुले.” आणि त्यानं किल्ली खिशात टाकली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुसत राहिले.

पुढे त्या बसनं जाऊ लागल्या. मग शाळेतली नोकरीच सुटली. गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही.

मला बाई म्हणून टिकायचं होतं म्हणून केलं — असं म्हणू? म्हणणार नाही. टिकायचं त्यांनाही होतं. आणि माफीही नको. ती द्यायला तुम्ही कोण?

मागच्या हिवाळ्यात त्या आल्या, नव्या जावेला घेऊन. तिची स्कूटर सुरू होत नव्हती. ताई तिला कौतुकानं म्हणाल्या, “पाह्य वं, हेच ते बाई. मले गाडी सांभाळता नाही आली, पण हिच्या हातची गाडी कधी बिघडत नाही.”

मी ‘नाही ताई’ म्हणाले नाही. हसले, आणि स्कूटरचा प्लग खोलायला बसले.