‘या’ म्हणेपर्यंत

आमच्या लातूरच्या गल्लीत सोमेशसारखा मानाचा भुकेला दुसरा नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी हाताला धरून बसवलं नाही, तर हा बहाद्दर मांडवाच्या खांबाशी उभा राहून उपाशी परत येईल. मी त्याला ‘बोलावणेबुवा’ म्हणतो. त्याच्या किराणा दुकानाच्या दारात थांबून विचारायचो, “येऊ का सावकार? का आमंत्रण लागतंय?” हसायचा बिचारा.

मंजुश्रीशी त्याची फारकत झाली तेव्हा शिवानी तीन वर्षांची होती. लेक आईकडं, अहमदपूरला. एकाआड एक रविवारी बापानं तिला भेटायचं, असं कोर्टात राजीखुशीनं ठरलं. कुठं भेटायचं? वकील म्हणाला, एसटी स्टँड लिहू. सोमेश भडकला. “लेकरू काय पार्सल हाय? आजोळीच भेटीन मी.” तसंच लिहिलं गेलं.

इथंच फसला. फारकत झाली, पण अंगातला जावई काही निघाला नाही. आणि जावई बोलावल्याबिगर सासरच्या उंबऱ्यात पाय ठेवत नसतो. इस्त्रीचा सदरा घालून, राजगिऱ्याचे लाडू घेऊन हा फाटकाशी उभा. दार सताड उघडं. सासरे शरणप्पा ओसरीवर पेपर वाचत बसलेले. मान वर करायचे, ह्याला बघायचे, पुन्हा पेपरात घालायचे. पोरीला आतच ठेवलेली. ‘या’ म्हणायचं कुणी नाव घेईना. उन्हं कलली की हा माघारी. “आतून हसल्याचा आवाज आला रे तिचा,” एवढंच मला सांगायचा.

शेवटी मीच त्याला ढकलत कोर्टात नेलं. ठरल्याप्रमाणं भेट करवून द्या, अशी दरखास्त लावली. तारखा पडत गेल्या, वर्षं सरली. एका तारखेला शरणप्पा हात जोडून म्हणाले, “साहेब, आम्ही कवा अडवलं? दार उघडंच असतंय. हेच आत येत न्हाईत.”

न्यायाधीशांनी सोमेशकडं बघितलं. “खरं आहे?”

“हाव साहेब. पण कुणी या म्हणलंच न्हाई.”

कोर्टात हशा पिकला. एरवी पहिला मीच हसलो असतो.

साहेबांनी भेट करवून द्यायला बेलिफ दिला. त्या रविवारी मीही गेलो. सोमेश नेहमीसारखा फाटकाशीच उभा. मी कानाशी लागलो, “बोलावणेबुवा, आता तर सरकारचंच बोलावणं हाय. चल की!” हलेना.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक पोर दारात आली. शिवानीच. केवढी मोठी झालेली! तिनं आमच्याकडं बघितलं, आत पळाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“या ना काका, आत बसा,” ती सोमेशला म्हणाली. “आजोबा देवळात गेलेत. येतीलच.”

सोमेशनं चपला काढल्या, उंबरा ओलांडला, खाटेच्या कडेला टेकला. बेलिफानं कागदावर लिहून घेतलं, भेट झाली.

तांब्या खाली ठेवत सोमेश लेकीला म्हणाला, “लई गोड पाणी हाय तुमच्याकडचं.”