रोझीने अन्न सोडलं नव्हतं

मधुकर भाऊजी, माझ्या ताईचे यजमान, गेले त्याला आता सात आठवडे झाले. फोन ताईचा नव्हता, रशीदभाईंचा होता. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं मटणाचं दुकान आहे आणि भाऊजींच्या कुत्र्यांसाठी आतडी, खुरं, छाटछूट वर्षानुवर्षं तेच आणून देत. "सुनंदाताई, मधुभाऊ गेले. सकाळी अंगणात खाटेवर बसले अन् बसलेच राहिले. निघा तुमी," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी दर्यापूरला माझ्या कृषी केंद्राचं शटर नुकतंच अर्धं वर केलं होतं. ते तसंच खाली ओढलं आणि अकोल्याची बस धरली. रडू आलं नाही. माझं आणि भाऊजींचं वीस वर्षं पटलं नाही आणि मेल्यावर माणसाशी अचानक पटायला लागतं असा माझा अनुभव नाही. बसमध्ये मी ताईचाच विचार करत होते.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. भाऊजींच्या तेराव्याच्या आधीच एका पेपरात रोझीचा, म्हणजे त्यांच्या जर्मन शेफर्ड कुत्रीचा फोटो आला. मालकाच्या विरहात इमानी जनावराने अन्न सोडलं, असं त्याखाली लिहिलेलं. पुढे तो फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरला. मला चार ठिकाणांहून आला, खाली रडणारे चेहरे आणि जोडलेले हात. ताईला ते वाचून बरं वाटलं, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. पण ते खरं नाही. रोझीने अन्न सोडलं नव्हतं. तिला शिकवलं होतं तेवढंच ती करत होती, आणि ते शिकवताना हत्यार म्हणून मला वापरलं होतं.

भाऊजी सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी कुणी पानठेला टाकला, कुणी ऑटो घेतला. यांनी पातूर रस्त्यावरच्या आपल्या जागेत कुत्री पाळायला घेतली. शोभेची नाहीत, कामाची. कापसाची जिनिंग, गोदामं, सरकीच्या गंजी राखणारी. दोन्हीकडची वंशावळ माहीत असल्याशिवाय जोडी लावायची नाही, आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडायचं नाही, गिऱ्हाइकाचं आवार स्वतः बघितल्याशिवाय सौदा नाही. अशी एकेक शिस्त. आलेल्या माणसाला ते आधी पाणीसुद्धा विचारत नसत, विचारत, "घरी किती जण? कुत्र्याले कोण फिरवीन?" आणि उत्तर आवडलं नाही तर, "मंग तुमी सायरन लावून घ्या ना बाप्पा. सायरनले हागामुताले न्या लागत नाई."

आमचं बिनसलं ते सीझरमुळे. सीझर हा त्यांचा सगळ्यांत चांगला कुत्रा, अकोल्यातल्याच एका जिनिंगवर दिलेला. चोरांनी भिंतीवरून खिम्याचा गोळा टाकला, त्यात कपाशीवर मारायचं औषध कालवलेलं. सकाळपर्यंत सीझर गेला आणि मोटारीची तांब्याची तार गेली. मी दुसऱ्या दिवशी ताईकडे गेले, तर हे दारातच, चार लोकांसमोर म्हणाले, "या सुनंदाबाई. तुमच्याच दुकानातला माल असन. तुमी औषध म्हणता, आमी जहर म्हणतो." मी म्हटलं, "भाऊजी, मी पावती देऊन शेतकऱ्याला विकते. चोराचं पाप माझ्या माथी मारू नका." त्यावर ते एवढंच म्हणाले, "वास तर तुमच्याच हाताले येते." आता, येत असेलही. दिवसभर तेच डबे उचलायचे, तीच पोती हलवायची. पण एखाद्या बाईला तिच्या बहिणीच्या दारात असं बोलतात का?

त्यानंतर त्यांनी ठरवलं की आपलं एकही कुत्रं यापुढे परक्याच्या हातचं खाणार नाही. ठरवलं ते बरोबरच होतं. कसं केलं ते सांगते. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा आवारात चार-पाच महिन्यांचं एक पिल्लू होतं. सकाळभर माझ्या पदराशी खेळलं. दुपारी भाऊजींनी मटणाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "द्या त्याले, तुमच्याशी गट्टी जमली हाये त्याची." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू... मी तुकडा पुढे केला. पिल्लाने तो विश्वासाने घेतला आणि दुसऱ्या क्षणी जे केकाटलं ते आजही माझ्या कानात आहे. तुकडा चिरून आत तिखट भरलेलं होतं. पिल्लू जमिनीवर तोंड घासत होतं, आणि भाऊजी आडोशाला तयारच होते. दुधाची वाटी घेऊन आले, तोंड पुसलं, आपल्या हाताने चांगला तुकडा भरवला. मला म्हणाले, "मस्त झालं. आता जल्मात घेनार नाई."

मी दोन वर्षं त्यांच्याकडे गेले नाही. पण ताई तिथे होती, तर किती दिवस जाणार नाही? गेले की तोच प्रकार. आता फक्त मला माहीत असायचं. मी नकार दिला तर ते माझ्या पिशवीवर, माझ्या रुमालावर तुकडा ठेवत, म्हणजे वास माझाच. एकदा मी विचारलं, "का हो, अकोल्यात दुसरं कुणी नाही का?" तर म्हणाले, "तुमच्याइतका चांगला चोर मले दुसरा भेटला नाई." ताईने मध्ये पडावं असं मला वाटे. पण ताईचीही तीच गत होती. स्वतःच्या घरात, स्वतः थापलेली भाकर ती कुत्र्यांना घालू शकत नव्हती. तिच्याही हाताने एकेकदा तिखट देऊन झालं होतं. 'घे' हा शब्दही त्यांनी इतरांकडून वदवून घेतला होता आणि त्यावर तोंड उघडणाऱ्या कुत्र्याला तिखटच मिळालं होतं. शब्द काय, चोरही ऐकून शिकतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एकच हात उरला, त्यांचा.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते दोन दिवस दवाखान्यात होते तेव्हा आवारातली तिन्ही कुत्री दोन दिवस उपाशी राहिली. ताई घास घेऊन फिरत होती, कुत्री तोंड फिरवत होती. भाऊजी टाके सांभाळत घरी आले आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगत सुटले, जणू पोरगं बोर्डात पहिलं आलं. मी विचारलं, "आणि भाऊजी, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी औषधाचा डबा उघडून आणला आहे. "मी काई मरून नाई राहिलो," म्हणाले.

त्यांच्या बाजूने जे आहे तेही लिहायला हवं, नाहीतर ताई हे कुणाला वाचू देणार नाही. मादी व्यायला आली की ते तिच्याजवळच झोपत. गोचिड्या हाताने वेचत, नखं कापत, कान पुसत, आणि कुत्र्यांच्या भाकरीची ज्वारी घरच्या ज्वारीपेक्षा नीट निवडलेली असे. आमच्या दर्यापूरच्या एका जिनिंगवाल्याने यांचा कुत्रा भर उन्हात टिनाखाली साखळीने बांधून ठेवला. कुणी सांगितलं कोण जाणे, हे सकाळी हजर. साखळी सोडली, मालकाला त्याच्या हमालांसमोर म्हणाले, "तुमी बसा बरं या टिनाखाली दुपारभर, मी हवा घालतो," आणि कुत्र्याला घेऊन सरळ काळीपिवळी जीपमध्ये बसले. बाकीच्या सवाऱ्या टपावर. तो जिनिंगवाला माझं जुनं गिऱ्हाईक. ते तुटलं ते तुटलंच. भाऊजींनी एका शब्दाने विचारलं नाही.

तर, ते गेले त्या दिवशी आवारात एकटी रोझी होती आणि तिची तीन आठवड्यांची सहा पिल्लं. पहिल्या दिवशी कुणाचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाली, "सुनंदा, ते पानी पेते, पन खाऊन नाई राहिली वं." मी जाऊन पाहिलं. ताटलीतली भाकर कालची, वर मुंग्या. शेजारच्या बाया फाटकातून बघून डोळे पुसत होत्या. त्यांच्यातल्याच एकीने फोटो काढला. मी म्हटलं, बाई, दुःख नाही हे, ट्रेनिंग आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुंग्या लागलेली ताटली उचलून आत गेले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. कातडीखाली सलाईन दिलं. पिल्लं कोरड्या आचळांना लोंबकळून किरकिरत होती. डॉक्टर म्हणाले, पिल्लांना बाटलीने शेळीचं दूध द्या, ती निभावतील. आईचं सांगता येत नाही. दूध पाजून आधीच झिजली आहे, अजून दोन दिवस असंच राहिलं तर कठीण. रशीदभाईंनी कलेजी आणली. तेही तिला लहानपणापासून ओळखत, पण कलेजी ठेवली तशीच राहिली. "भाऊनं कुलूप तं पक्कं लावलं," ते म्हणाले, "अन् चाबी संग घेऊन गेले." ताईने भाऊजींचा शर्ट हातावर गुंडाळून घास पुढे केला. रोझीने शर्ट हुंगला, शेपटी हलवली, आणि फाटकाकडे बघत राहिली. ताई तिथेच खाली बसली. म्हणाली, "हे बी गेली तं मी या घरात काय करू?" नवरा गेल्यावर मी तिला पहिल्यांदा तेव्हा रडताना पाहिलं.

त्या घरात रोझीने ज्याच्या हातचं सर्वांत शेवटी खाल्लं असतं तो हात माझा. पण बाकी सगळे करून चुकले होते. चौथ्या दिवशी सकाळी मी बेसन लावून कोपरापर्यंत हात धुतले. ज्वारीची बिनमिठाची भाकर थापली, दुधात कुस्करली, वर उकडलेलं अंडं. ताटली घेऊन तिच्यासमोर फरशीवर बसले. तिने मला पाहिलं आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली, खाली सहा जीव, आणि तरी धडा विसरली नव्हती. मला जो संताप आला तो तिचा नव्हता. आत हार घातलेल्या फोटोत बसलेल्या माणसाचा होता. मी ताटलीतला गोळा उचलला आणि ओरडले, "पाह्य इकडे! नाई हाये यात मिरची! हे पाह्य, मी खाऊन राहिली, मेली का मी?" आणि खाल्ला. अक्कल चालवून नाही, रागाने. चावला, गिळला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला रोझीने मान वळवली. पुढे आली, माझं तोंड हुंगलं, ओठ हुंगले, हनुवटीवर सांडलेलं दूध जिभेने टिपलं. थांबली. वाट बघितली, जळतं का म्हणून... मीही हलले नाही. मग तिने ताटलीत तोंड घातलं आणि ताटली वाजेपर्यंत वर काढलं नाही.

दारात ताई उभी होती. म्हणाली, "आता कुत्र्याचं उष्टं खाऊन राहिली का तू?"

मी म्हटलं, "ती माझं उष्टं खाऊन राहिली."

पिल्लं सहाही जगली. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून तीन हातांची सवय लावली. ताईचा, माझा, रशीदभाईंचा. नऊ आठवड्यांची झाल्यावर गिऱ्हाइकं आली. पातूरकडचा एक पोल्ट्रीवाला पिल्लू उलटंपालटं करून बघत म्हणाला, "याईले जहराचं शिकवलं हाये का? मधुभाऊची कुत्री म्हनून आलो मी." मी त्याला सांगितलं, चौथ्या महिन्यानंतर शिकवा, नक्की शिकवा. चोर अजून भिंतीवरून गोळे टाकतात, आणि गोळ्यात काय असतं ते मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण घरातल्या निदान तीन माणसांचे हात त्या तिखटापासून बाजूला ठेवा, आणि त्यात एक बाईचा असू द्या. तो म्हणाला, मधुभाऊ तं एकच हात म्हनत होते. मी म्हटलं, मधुभाऊ नाहीत आता, म्हणूनच सांगते. हे कबूल नसेल त्याला मी पिल्लू दिलं नाही. दोघांना परत पाठवलं. परत पाठवताना माझा आवाज कुणासारखा झाला होता ते ताईने सांगितलं, आणि मी तिला गप्प बसायला सांगितलं.

रोझी मात्र सुधारली नाही. तिला आता तीन हात नकोत, एकही नको. तिला माझं तोंड पाहिजे. मी पहिला घास खाल्ला, गिळला, आणि थोडा वेळ गेला, तरच ती खाते. कुणी फसवू शकणार नाही अशी कुत्री भाऊजींना हवी होती. ती त्यांना मिळाली, पण तिचं करायचं माझ्या वाट्याला आलं. पिल्लं जाईपर्यंत दुकान बंद ठेवून मी अकोल्यातच राहिले, पण पुढे दर्यापूरहून रोज दोन वेळा अकोल्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून ताईला आणि तिला दोघींनाही मी इकडे घेऊन आले. मला कुत्रं कधीच नको होतं. आता सकाळी दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर मी हात धुते, मागच्या अंगणात बसते आणि दुधात कुस्करलेल्या अळणी भाकरीचा घास तोंडात घालते. ती समोर बसून माझ्या जबड्याकडे बघत असते. बाकी दिवसभर मी भाऊजींच्या नावाने काही ना काही बोलत असते, ताई ऐकत असली तरी. पण तोंडात घास असताना बोलता येत नाही. तेवढा वेळ त्यांना माझ्याकडून सुट्टी.