अप्पांनी मिठात आणलेले कान

माझ्या वडिलांनी मला एकदा शेळीचे कान डब्यात घालून आणून दिले होते.

हसू नका. माझी पीएचडी शेळीच्या कानांवरच चालू आहे.

औषध चरबीच्या अगदी बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत गुंडाळायचं, त्याचं जेल करायचं आणि ते कातडीतून आत जातं का बघायचं, हे माझं काम. माणसाच्या आधी शेळीच्या कानाच्या कातडीवर बघतात.

विषय घेतला तो अप्पांमुळेच. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि गोळी घेतली की पोटात आग. सगळा जन्म शेळ्यांमागं गेलेला, घरी बसवतही नव्हतं.

गावात कंदुरी होती, नवसाचं बकरं कापलं. अप्पांनी कान मागून घेतले, मूठभर मीठ चोळलं आणि सोनपेठहून एसटीनं थेट परभणीला, माझ्या कॉलेजच्या गेटवर हजर. आमच्यात कातडं टिकवायचं म्हणजे मीठ.

तसली कातडी टेस्टला चालत नाही. सांगितलं तर चेहरा एवढासा झाला.

पुढच्या वेळी त्यांनी कुल्फीवाल्याकडून बर्फ मागून त्यात कान आणले.

त्या दिवशी गेटजवळच्या लिंबाखाली बसून म्हणाले, "शेळीला लावायलीस आन् बापाला न्हाई व्हय?"

"माणसाला लावायची परवानगी न्हाई अप्पा अजून."

"मग घाई करू नको. नीट कर."

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आई तर मी शाळेत असतानाच गेली. शेळ्या चुलत्यांनी नेल्या, घराला कुलूप आहे. दिवाळीतही मी होस्टेलवरच थांबले. स्टँडवर सोनपेठची गाडी लागली की उगाच उतरणाऱ्यांकडे बघत राहते.

लय एकटं वाटतं, खरं सांगते.

गेल्या आठवड्यात टेस्ट जमली. औषध कातडीतून पार गेलं. सर खूश होऊन म्हणाले, घरी फोन करून सांग. मी बरं म्हणाले आणि लॅबमधली काचेची भांडी धूत बसले.

पुढं कधीतरी परवानगी मिळेल, माणसांवर बघतील. गुडघे दुखणारी माणसं मिळतील, त्यांना काय तोटा आहे.

मला तुमचे बरे करायचे होते, अप्पा.

तुमच्या लेकीचा नमस्कार.