सज्ज्याची खोली

ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या आमच्या गावात नाताळ लागला की गावकरी जमिनीखाली जातात, नाहीतर माळ्यावर. घरातली प्रत्येक बरी गादी पाहुण्यांना द्यायची आणि आपण जागा मिळेल तिथे अंग टेकायचं, ही इथली रीत. मी आणि माझी बायको ट्रॅक्टरच्या वरच्या माळ्यावर झोपतो. आमचे सरपंच वाइनच्या पिंपांशेजारी झोपतात. सकाळी तोंडाला वास येतो, तो त्या खोलीचा, असं त्यांचं म्हणणं आहे.

पाहुण्यांना हे कळता कामा नये, हाही रीतीचाच भाग. तुम्ही कुठे राहता, असं त्यांनी विचारलं तर ‘मागे’ म्हणायचं. खरं तर गावाच्या मागे काही नाही, सरळ कडा आहे. पण स्कीवरून घसरायला आलेली माणसं घराच्या मागे जाऊन बघत नाहीत.

माझी आत्या नोटबुर्गा ही रीत सगळ्यांत कडक पाळायची. तिचा नवरा, आमचे काका, गेल्यापासून घरात ती एकटी. दोन खोल्या भाड्याच्या, आणि नाताळात तिसरी म्हणजे तिची स्वतःची, सज्ज्याची. ती नेहमी होल्टकाम्प नवराबायकोची. ते उत्तर जर्मनीतले, त्यांच्याकडे डोंगर नाहीत. ते आले की आत्या तळघरात बॉयलरशेजारच्या खाटेवर जायची. बॉयलर रात्रभर खोकायचा. आत्या म्हणायची, त्याचं काही नाही, नवऱ्यामुळे सवय आहे.

गावात ती वाघीण. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं तर त्यांना घड्याळ दाखवणारी बाई. पाहुण्यांपुढे मात्र गाय.

या शरद ऋतूत ती पडली आणि तिचा खुबा बदलावा लागला. तळघराच्या पायऱ्या म्हणजे जवळजवळ शिडीच. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा पडलात तर चालायचं विसरा. मी म्हटलं, होल्टकाम्पांना कळवून टाक की खोली नाही.

“इतकी वर्षं येतायत,” आत्या म्हणाली. “आता काय कळवू, तुम्ही माझ्या पलंगावर झोपत होता म्हणून? येऊ देत. समोरासमोर सांगते.”

ते आले. आत्याने कलेजीचे गोळे घातलेलं सूप वाढलं आणि काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी मी लाकडं टाकायला गेलो, तर ही पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखी एकेक पायरी खाली सरकतेय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुझ्याने होत नसेल तर मी सांगतो. ती तिथूनच म्हणाली की तू सांगितलंस तर तुझं माझं नातं संपलं. मग उरलेल्या पायऱ्या सरकली.

मला होल्टकाम्पांचा रागच यायला लागला. मी रोपवेच्या खालच्या स्टेशनवर काम करतो. गुडघा गेल्यापासून होल्टकाम्प स्कीला हात लावत नव्हते, तरी दोघं रोज सकाळी यायचे आणि आमच्या उपाहारगृहात एका सुपावर चार वाजेपर्यंत बसायचे. तिथे दार सारखं उघडतं, वारा हाडात शिरतो. बाई अंगावर दोन कोट चढवून विणत बसायच्या. घरी सज्ज्याची खोली आणि ऊब असताना! मी त्यांना चिक्कू ठरवून मोकळा झालो होतो.

त्याच आठवड्यात होल्टकाम्पांचा सत्कार होता. पाहुणा तीस हिवाळे आला की गाव त्याला सोन्याची पिन लावतं. घरमालकिणीला फुलं मिळतात. बँड वाजला, सरपंचांनी पिन टोचली आणि विचारलं, आमच्या गावात सगळ्यांत जास्त काय आवडलं?

“झोप,” होल्टकाम्प म्हणाले. “अशी झोप मला कुठेच लागत नाही.”

सभागृहातला प्रत्येक गावकरी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. आत्याने तोवर दोन पेले कडक स्नॅप्स दारू घेतली होती. ती फुलांसकट उभी राहिली.

“तो पलंग माझा आहे,” ती म्हणाली. “तुम्ही आलात की मी तळघरात झोपते. आता माझ्याने ते होत नाही.”

सरपंच पांढरे पडले. बोलली होती ती एका घराचं, पण उघडं पडलं अख्खं गाव.

होल्टकाम्पबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, “ठाऊक आहे आम्हाला. पहिल्याच वर्षी मी हातमोजे विसरले म्हणून दुपारी परत आले. तुम्ही पलंगावर झोपला होतात, पांघरुणाच्या वरूनच, चादरीला सुरकुती पडू नये म्हणून. मी दार ओढून घेतलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला लाज वाटली असती. आणि खोली सोडली असती, तर आपलं काय चुकलं म्हणून तुम्ही वर्षभर जिवाला लावून घेतलं असतं. म्हणून आम्ही दुपारी घरी यायचंच नाही असं ठरवलं.”

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आत्याचा आवाज चढला. तिला वाईट वाटलं की तिचा आवाज चढतोच. “अहो बाई, मी एक तास पडायचे. फार तर एक तास. चार वाजेपर्यंत त्या वाऱ्यात कशाला बसलात?”

“तो तास कुठला, ते आम्हाला ठाऊक नव्हतं,” होल्टकाम्पबाई म्हणाल्या.

बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना, म्हणून त्यांनी काहीच वाजवलं नाही. आत्या खाली बसली. बराच वेळ तिने फुलांचा कागद नीट केला, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलेलं मी काकांच्या मयतीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

“आज वर मी झोपते,” ती म्हणाली.

“झोपा,” होल्टकाम्पबाई म्हणाल्या. “सावकाश उठा.”