डुकराच्या डोळ्यात नसलेला खड्डा

आमचा दादा कत्तलखान्यात कामाला आहे. डुक्कर मारलं की केस निघावेत म्हणून ते कढत पाण्याच्या हौदात सोडतात, आणि एकदा त्या पाण्यात गेलं की डोळा पांढराफटक पडून कामातून जातो. म्हणून दादा त्याआधीच, हौदाच्या काठाशी उभा राहून डोळे काढतो. मागची नस जराशी लांब ठेवायची, बुबुळाला बोट लागू द्यायचं नाही, आणि लगेच बर्फाच्या डब्यात. हा डबा डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत जातो. बाकीचे या कामाला नाकं मुरडतात. दादाने ते मागून घेतलं, वहिनीसाठी.

वहिनीच्या एका डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला. कडेचं सगळं दिसायचं, नेमका समोरचा माणूस पुसला जायचा. बोलताना मान तिरकी करायची. मला वाटायचं, बाईसाहेब रुसल्यात. मग दुसऱ्या डोळ्यालाही सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शनं घ्या, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं टिकेल. दादाने ते साफ उडवून लावलं.

"डुकराचा डोळा हुबेहूब माणसासारखा असतो. तिथे प्रयोगशाळेत औषध निघतंयच, मग हिच्या डोळ्यात सुया कशाला टोचायच्या?"

मी कपाळाला हात लावला. पण दादाने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी तो ऐकत नाही.

परवा प्रयोगशाळेने लोकांना बघायला बोलावलं. दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आम्हा दोघींना घेऊन, घरचं कार्य असल्यासारखा मिरवत गेला. टेबलावर एक डोळा उभा चिरून ठेवला होता. संशोधक बाई चिमट्याने एकेक दाखवत होत्या: भिंग, बाहेरचं पांढरं कवच, मागचा पडदा. मांजराच्या डोळ्यासारखी चमक यात नसते, म्हणून हा माणसाला जवळचा, असं त्या म्हणाल्या. दादा मला कोपराने ढोसत होता, बघ म्हणून.

"आणि हिचा आजार यात कुठे होतो?" त्याने विचारलं.

बाईंनी वहिनीला काय होतंय ते नीट विचारून घेतलं.

"माणसाच्या पडद्यावर मधोमध एक बारीक खड्डा असतो," त्या म्हणाल्या. "चेहरा ओळखतो, अक्षर वाचतो, ते त्या जागेने. यांचा आजार तिथला आहे. डुकराला तो खड्डा नसतोच, नुसता एक आडवा पट्टा असतो. आम्ही इथे काचबिंदूवर काम करतो."

"नसतोच?"

"नाही. यांची इंजेक्शनं कधीपासून चालू आहेत?"

"घेतलीच नाहीत," मी म्हणाले. ज्या आशेवर आमचं घर चाललं होतं, ती त्या डब्यात कधी नव्हतीच. बाई घाबरून म्हणाल्या, आजच्या आज दवाखाना गाठा.

आम्ही तसेच गेलो. डॉक्टरांनी तपासलं. बराच उशीर झालाय, दुसऱ्या डोळ्यात थोडं उरलंय, ते वाचतं का बघू, म्हणाले. नर्स इंजेक्शनची तयारी करायला आत गेली. दादा बाहेरच्या बाकावर मटकन बसला.

"मला वाटलं, तुला सुईची भीती वाटेल," तो वहिनीला म्हणाला.

"मला कुठे विचारलंत?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डॉक्टर इंजेक्शनं घ्या म्हणाले, त्याच दिवशी मी आतल्या त्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. हात धरून उठवलंत ते तुम्ही."