रोवणारी पुढे जात नाही

माझ्या पहिल्या अल्बममध्ये सहा गाणी होती आणि सहाव्या गाण्यात एक घोडचूक होती. गोंदियात एका मित्राच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून आम्ही ही गाणी रेकॉर्ड केली. मित्र सारखा म्हणायचा, "दीदी, एक टेक और." सहावं गाणं रोवणीचं. चिखलातून पुढं पुढं पाऊल टाकत धान रोवणाऱ्या बाईचं. ज्यानं ऐकलं त्याला आवडलं.

आईला ऐकवायचं तेवढं राहिलं होतं. चोरखमारा तलावाच्या पाण्यावरच्या आमच्या बांधीत, धानाच्या शेतात, आई उचलेल तेच गाणं बाया म्हणतात. माझी गाणी म्हणजे तिच्या लेखी 'मोबाइलातली'. हे एक तरी तिनं रोवताना म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. नाहीतर गावच्या बोलीत गाणी लिहिते म्हणून मिरवायचं कशाला?

रोवणीच्या दिवसांत मी मोबाइल घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहिले. गाणं लावलं. आधी हात थांबले, मग सगळ्या बाया कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या.

"काऊन हसून राहिल्या?" मी विचारलं.

"रोवणारी पुढं जाते काय वं?" आई म्हणाली. "पुढं गेली तं आताच रोवलेलं तुडवल. मागं मागं सरा लागते. जलमभर भात खाल्ला अन् एवढंही माहीत नाही?"

मला असा राग आला की काय सांगू, आणि तो सगळा माझ्यावरच. दरवर्षी वसतिगृहातून घरी आले की रोवणी पाहायचे, पण धुऱ्यावर बसून. ओढणी कमरेला बांधली आणि उतरले चिखलात. आईनं हातात रोपांची पेंडी दिली. दुपारपर्यंत कंबर पार कामातून गेली, पण मागं सरताना आपण लावलेलं हिरवं कसं डोळ्यांसमोर वाढत जातं, ते कळलं. गाण्याचं ध्रुवपद तिथंच बदललं.

मित्राला फोन केला. "फिर से?" तो म्हणाला. त्यानं पुन्हा गाद्या लावल्या बिचाऱ्यानं.

पुढच्या वर्षी मी आईच्या शेजारीच रोवत होते. सालेकशाकडून दोन बाया नवीन आल्या होत्या. आईनं गाणं उचललं, आणि ते माझं होतं. चाल तिनं संथ केली होती, गिटारच्या जागी नुसताच हुंकार. बाकीच्या बाया मागून म्हणायला लागल्या. माझं रोवणंच थांबलं.

"कोणाचं होय वं हे गाणं?" नवीन बाईनं विचारलं.

"जुनं होय," आई मान वर न करता म्हणाली. "माझी माय म्हणे."

"आई, माझं होय ते."

"असंल. तुही ओळ वाकडी होऊन राहिली, तिकडं पाह्य."

राग यायला हवा होता, पण मला मनापासून आनंद झाला. मी ओळ सरळ केली आणि तिच्या चालीवर, बाकीच्या बायांसारखी, मागून म्हणायला लागले.