खाऱ्या पाण्याची काचपेटी

ह्यांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की घरात कुणाला बसायला मिळत नसे. हे बीडच्या कचेरीत कारकून. कामानिमित्त मुंबईला गेले आणि तिथे कुणाच्या दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत पोहणारे समुद्राचे मासे बघून आले. मग काय, सुताराकडून पेटी झाली, नदीची वाळू आली, पोतंभर खडेमीठ आलं. मासे मुंबईचा स्नेही धाडणार होता. पण पाणी आधी मुरलं पाहिजे, नाहीतर मासे जगत नाहीत, असं त्याने बजावलं होतं.

पाणी मुरवायचं म्हणजे मी. गढूळपणा जाईतो वाळू धुवायची, मीठ विरघळवून फडक्याने गाळायचं, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून तांब्या भरभरून, हात उंच करून, पुन्हा त्याच पेटीत ओतायचा. दिवसभर. हे कचेरीतून आले की बोट बुडवून चाखत आणि म्हणत, "अजून समुद्रावानी लागत न्हाई." मी समुद्र पाहिला नव्हता. त्या पेटीचा मला मनापासून राग होता.

त्यात चकलांब्याहून भाऊ बैलगाडी घेऊन मला न्यायला आला. आई अंथरुणाला खिळली होती, सारखी माझं नाव घेत होती. हे म्हणाले, "मासे येऊ द्या, मग खुशाल न्या. आता पाणी कोण बघंल?" दाजींपुढे भाऊ काय बोलणार? बैल सोडून ओसरीवर बसून राहिला. मी तांब्या ओतत राहिले. खांदे भरून आले होते आणि मनात एकच होतं, आई थांबेल ना?

सासूबाई आधी मासे म्हटलं की नाक मुरडत. मग त्यांना मत्स्यावतार आठवला आणि त्यांचं मन पालटलं. नव्या विहिरीची करतात तशी त्यांनी पेटीची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, वाटीभर दूध सोडलं, वर दहीभाताचा नैवेद्यही आतच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी असं नासलं होतं की ओसरीवर बसवेना.

ह्यांनी कपाळावर हात मारला. स्वतःच्या आईला बोलायची सोय नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समदं उपस. वाळू पुन्यांदा धू. नव्यानं सुरू करू."

मला रडूही आलं नाही, इतकी मी दमले होते. तांब्या पेटीशेजारी पालथा घातला, पदराला हात पुसले आणि भावाला म्हटलं, "बैल जुंप."

चकलांब्याला पोचले, तर आई होती. तिने डोळे उघडले, मला ओळखलं आणि पाणी मागितलं. मी तांब्यातून भांड्यात ओतू लागले.

"अगं, एवढ्या उंचावरून काहून ओततीस?" ती म्हणाली. "सांडायलंय की समदं."

मी हात खाली आणला.